नाही म्हणा, पण कशासाठी ते सांगा

शिशाचं सोनं करायचं तर पारा पाच वेळा लागतो. शिशाचं कथील, कथलाचं लोखंड, लोखंडाचं तांबं, तांब्याची चांदी आणि शेवटी चांदीचं सोनं. मी शाळेत विज्ञान शिकवते. मूलद्रव्यं अशी बदलत नसतात हे नववीच्या मुलांना दर वर्षी सांगते. पण ‘ओपस मॅग्नम’ नावाच्या संगणकावरच्या खेळात ती बदलतात, आणि तिथले नियम इतके चोख आहेत की थोड्याच वेळात त्या जुन्या किमयागारांच्या रसायनशास्त्रावर मन बसतं.

षटकोनी घरांचा एक पट असतो. त्यावर यांत्रिक हात मांडायचे आणि खालच्या पट्टीवर प्रत्येक हाताला हुकूम लिहायचे: धर, फिर, लांब हो, सोड. एका जागी कण येतात, दुसऱ्या जागी त्यांच्यात बंध जोडला जातो, तिसऱ्या जागी तयार रेणू पोचवायचा. यंत्र एकदा लागलं की थांबत नाही. एक हात कण उचलून अर्धवर्तुळ फिरतो, दुसरा नेमका त्याच क्षणी तिथं हजर होऊन तो घेतो. मी माझं पहिलं चालू झालेलं यंत्र किती तरी वेळ नुसती पाहत बसले होते. या खेळात चुकीचं उत्तर नसतं. रेणू तयार झाला की झालं. मग खेळ तीन आलेख दाखवतो: खर्च किती आला, वेळ किती लागला, जागा किती व्यापली, आणि बाकीच्या खेळणाऱ्यांत तुमचं यंत्र कुठं बसतं. स्वस्त यंत्र बहुधा संथ निघतं, वेगवान यंत्राला जास्त हात लागतात. तिन्ही एकदम क्वचितच साधतं. मग आपणच ठरवायचं की आपल्याला काय हवंय. मुलांना एका प्रश्नाची अनेक बरोबर उत्तरं असू शकतात हे पटवून द्यायला माझ्याकडे याहून चांगलं साधन नाही.

हा खेळ झॅक बार्थ या अमेरिकन माणसाच्या ‘झॅकट्रॉनिक्स’ या छोट्या स्टुडिओनं केला. डिसेंबर 2017 मध्ये तो पूर्ण होऊन स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात आला, जाणकारांना आवडला. आणि ‘जीओजी’ नावाच्या ऑनलाइन दुकानानं तो विकायला ठेवायला नकार दिला.

हे दुकान पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट कंपनीनं 2008 मध्ये काढलं. सुरुवातीला तिथं फक्त जुने खेळ मिळायचे, नव्या संगणकावर चालतील असे दुरुस्त केलेले. 2012 पासून नवेही मिळू लागले. त्याची खरी ओळख वेगळीच आहे. तिथून घेतलेल्या खेळाला कुलूप नसतं. पैसे दिले, फाइल उतरवून घेतली की ती तुमची. खेळ सुरू करताना दर वेळी कुठल्या तरी दूरच्या सर्व्हरला विचारावं लागत नाही. शहरातल्या माणसाला ही बाब किरकोळ वाटेल. आमच्याकडे पावसाळ्यात टॉवर गेला की दोन दोन दिवस येत नाही. माझा भाचा तालुक्याला गेला की चांगल्या नेटवर आपला खेळ उतरवून घेतो आणि पेन ड्राइव्हवर घरी आणून स्वतःच्या लॅपटॉपवर टाकतो. खेड्यात राहून खेळ विकत घेणाऱ्यासाठी हे दुकान फार मोलाचं आहे.

आणि ते निवडक माल ठेवतं. येईल ते मांडत नाही. त्यामुळं तिथल्या नकाराला वजन आहे. बार्थचे आधीचे खेळ याच दुकानात विकायला होते, तरीही ‘ओपस मॅग्नम’ला नाही म्हटलं गेलं. नेमकं कारण दुकानानं लोकांसमोर मांडलं नाही. फोनवरच्या फुकट्या खेळासारखा दिसतो म्हणून नाकारला असावा, एवढीच चर्चा झाली. खेळणाऱ्यांनी नाराजी दाखवली, खेळांवर लिहिणाऱ्यांनी लिहिलं, आणि 2018 च्या सुरुवातीलाच दुकानानं निर्णय फिरवून खेळ घेतला. पुढं 2019 मध्ये स्वतंत्र खेळांच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात, आयजीएफमध्ये, उत्तम रचनेचा पुरस्कार याच खेळाला मिळाला. बार्थला हा अनुभव नवा नव्हता. 2011 च्या त्याच्या ‘स्पेसकेम’लाही स्टीमनं आधी नाही म्हटलं होतं. एका समीक्षकानं त्यावर भरभरून लिहिल्यावर तोच खेळ त्याच वर्षी स्टीमवर आला.

दोन दुकानं, दोन नकार, दोन्ही फिरवले गेले. खेळ मात्र दोन्ही वेळा होता तोच होता. बदललं ते एवढंच की त्याच्याबद्दल कुणीतरी मोठ्यानं बोललं.

या सगळ्यात मी एवढी शिरले ती माझ्या भाच्यामुळं. हिंगणघाट तालुक्यातल्या एका खेड्यात तो राहतो. दिवसभर सेतू केंद्रात बसतो. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, आणि 2025 च्या हंगामापासून ‘कपास किसान’ अ‍ॅपवर हमीभावाच्या कापसाची नोंदणी. अर्ध्या गावाचा कापूस त्याच्या बोटांनी नोंदला आहे. रात्री जेवण झालं की तो खेळ बनवतो. ‘गोडो’ नावाचं मोफत साधन वापरतो. अर्जेंटिनातल्या दोघांनी ते लिहिलं आणि 2014 मध्ये सगळ्यांसाठी खुलं करून दिलं. परवान्याचे पैसे नाहीत, जुन्या लॅपटॉपवर चालतं.

त्याच्या खेळाचं नाव ‘जागल’.

विदर्भाबाहेरच्यांसाठी थोडं सांगते. पीक उभं राहिलं की आमच्याकडे माणसं रात्री वावरात जातात. चना, तूर, भुईमूग, ज्वारी, सगळ्याला रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगाई, लागतात. डुकरांचा एक कळप एका रात्रीत एकरभर नासवू शकतो; खातो त्याच्या कितीतरी पट तुडवतो. मग माळा बांधायचा, बॅटरी घ्यायची, डबडं घ्यायचं आणि जागत बसायचं. हल्ली धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, झटका मशीनची तार असते, काही जण भोंग्यावर माणसाच्या ओरडण्याचं रेकॉर्डिंग लावून ठेवतात. पण तार तुटते, आणि तोच तो भोंगा रोज ऐकून जनावरं निर्ढावतात. शेवटी माणसालाच जावं लागतं. दिवसभर राबलेला माणूस रात्री पुन्हा राखणीला जातो, त्याला आमच्याकडे जागलीला जाणं म्हणतात.

भाच्याच्या खेळात तुम्ही माळ्यावर बसलेले असता. पडदा जवळजवळ काळा. खाली पिकाची रेघ, वर थोडं आभाळ. बाकी सगळा खेळ कानांचा. हेडफोन लावायचे आणि ऐकायचं. रातकिडे, टिटवी, दूरच्या रस्त्यावरचा ट्रक, शेजारच्या वावरातल्या माणसाचा खोकला. हे सारे आवाज त्यानं खरोखरीच्या रात्रींमध्ये फोनवर टिपले आहेत. मधेच डाव्या अंगाला पीक सळसळतं. वारा आहे की डुक्कर? बॅटरी मारायची का? तिचं चार्जिंग मोजकंच आहे. ओरडायचं का? उगाच ओरडलात तर जनावर सावध होऊन दुसऱ्या धुऱ्यानं येतं आणि तुमचा घसाही बसतो. पहाट झाली की उजेडात वावर दिसतं, काय राहिलं आणि काय गेलं ते. मधल्या वेळात धुऱ्यापलीकडच्या शेजाऱ्याशी चार वाक्यं बोलता येतात, सगळी वऱ्हाडीत. एक रात्र अशी आहे की काहीच येत नाही. खेळणाऱ्याला ते आधी ठाऊक नसतं. मी ती रात्र अंग चोरून, श्वास रोखून खेळले, आणि पहाटे संपूर्ण वावर शाबूत पाहिलं तेव्हा मला जे वाटलं ते कुठल्याही गोळीबाराच्या खेळात वाटणार नाही.

माझा भाचा आहे म्हणून मी हे लिहीत नाहीये. शाळेत मुलांचे विज्ञान प्रकल्प तपासताना वरवर चकचकीत आणि आतून पोकळ असं पुष्कळ पाहते. हा खेळ आतून भरलेला आहे.

आधी त्यानं त्याची फोनवरची आवृत्ती केली. अँड्रॉइडच्या प्ले स्टोअरचा एक नियम आहे. नोव्हेंबर 2023 नंतर वैयक्तिक खातं उघडलेल्याला अ‍ॅप सर्वांसाठी खुलं करण्याआधी काही माणसांकडून सलग 14 दिवस चाचणी करून घ्यावी लागते. आधी 20 माणसं लागायची, डिसेंबर 2024 पासून 12 लागतात. शहरातली एकेकटी काम करणारी मुलं म्हणे ही 12 माणसं शोधताना हैराण होतात. आमच्या गावात 12 माणसं एका पारावर सापडतात, आणि त्यातली निम्मी प्रत्यक्ष जागलीला जाणारी!

ते दोन आठवडे मला फार आवडले. संध्याकाळी सेतू केंद्राच्या ओट्यावर माणसं यायची आणि न विचारता तक्रारी सांगायची. एक काका म्हणाले, “डुकराचा आवाज आंधी येतच नाई बावा. पयले पीक वाजते. मंग घुरघुर.” भाच्यानं दोन आवाजांचा क्रम बदलला. दुसऱ्यानं सांगितलं, रोही एवढा ओरडत नाही. तो फुर्र करतो, पाय आपटतो आणि पळतो. एकाला बॅटरीचा उजेड फार पांढरा वाटला. एकानं तर पूर्ण खेळच नाकारला: “दिवसा काम, राती जागल, अन् आता फोनात बी जागल? मले नाई पायजे.” त्याचा नकारही किती स्पष्ट होता! भाचा त्याला हसून म्हणाला, “बरोबर हाय काका.”

आणि गावातल्या एक बाई, नवरा गेल्यावर चार एकर एकटीनं करणाऱ्या. त्यांनी खेळ संपवला, फोन परत दिला आणि म्हणाल्या, “यात बाई काऊन नाई? मी जातो नं जागलीले.” आमच्याकडे बायकाही ‘मी जातो’च म्हणतात. भाच्यानं त्याच आठवड्यात माळ्यावर बाई बसवायची सोय केली. तिच्यासाठी शेजाऱ्याशी होणारं बोलणंही वेगळं लिहिलं, कारण रात्री वावरात एकट्या बाईशी शेजारी तसाच बोलणार नाही.

मग त्यानं संगणकाची आवृत्ती केली. पडदा मोठा, आवाज अधिक खोल. ती कुठं ठेवायची? स्टीमवर प्रत्येक खेळामागे 100 डॉलर भरावे लागतात. 2017 मध्ये त्यांनी आधीची मतदानाची पद्धत बंद करून ही फी आणली. खेळाची विक्री 1,000 डॉलरवर गेली की ती परत मिळते. 100 डॉलर म्हणजे आमच्या हिशेबानं जवळपास एक क्विंटल कापूस. 2025-26 चा लांब धाग्याचा हमीभाव 8,110 रुपये आहे. पैसे जमवता आले असते. पण तिथं वर्षाला हजारो नवे खेळ येतात आणि काळ्या पडद्याचा, वऱ्हाडी बोलणारा खेळ त्यात कुणाच्या नजरेला पडणार? त्याला निवडून माल ठेवणारं दुकान हवं होतं, जिथं कुणीतरी माणूस आधी खेळून पाहतो. असं एक दुकान त्यानं निवडलं. त्याचं नाव मी इथं घेणार नाही. अर्ज केला, खेळाची प्रत पाठवली, मी इंग्रजी तपासून दिलं.

उत्तर आलं ते दोन ओळींचं. खेळ पाठवल्याबद्दल आभार. तो सध्या आमच्या संग्रहात बसत नाही.

भाच्यानं उलट विचारलं, काय कमी पडलं तेवढं सांगाल का? उत्तर आलं की प्रत्येक अर्जावर अभिप्राय देता येत नाही.

त्यानंतरचे महिने मी जवळून पाहिले, आणि या लेखाचं खरं निमित्त ते महिने आहेत. नकारानं तो खचला असता तर मी समजावलं असतं. तो खचला नाही. तो कारण शोधायला लागला, आणि कारण माहीत नसलं की माणूस सगळीकडेच शोधतो. पडदा काळा आहे म्हणून? त्यानं चंद्र मोठा केला, आभाळ निळं केलं, पीक उजळ केलं. आता डोळ्यांनी जनावर दिसू लागलं आणि कानांचं काम संपलं. वऱ्हाडीमुळं? त्यानं शेजाऱ्याची वाक्यं काढून चिन्हं टाकली. फोनवर आधीच आहे म्हणून? त्यानं प्ले स्टोअरवरून खेळ काढून टाकला, आणि ओट्यावरच्या मंडळींनी विचारलं, “आपला खेळ कुठी गेला रे?” सुरुवात संथ आहे म्हणून? पहिल्याच रात्री डुकरांचा कळप सोडला. काहीच न येणारी रात्र तर त्यानं सगळ्यात आधी काढली.

आणि मग त्यानं वाघ आणला. त्याचा तर्क असा: बाहेरच्या लोकांना विदर्भ म्हटलं की ताडोबा आठवतो, ताडोबा म्हटलं की वाघ. चौथ्या रात्री वाघ येतो, तुम्ही माळ्यावर निपचित पडून राहता, तो खालून जातो. आवाज त्यानं सुरेख बसवला होता. मला अंगावर काटा आला, आणि त्याच वेळी वाईट वाटलं, कारण हा दुसराच खेळ होता. मी काही बोलण्याआधी माझ्या मेहुण्यांचे थोरले चुलते, आयुष्यभर जागल केलेला माणूस, हेडफोन काढून म्हणाले, “वाघ असन त वावरात जाईन कोन? त्या दिसी आपन घरीच रायतो.”

वाघ निघाला. चंद्र परत लहान झाला. वाक्यं परत आली. पण मधले महिने गेले ते गेले. त्या महिन्यांत त्याला नवा खेळ सुरू करता आला असता.

माझ्या वडिलांच्या काळात एकाधिकार कापूस खरेदी होती. 1972 मध्ये ती सुरू झाली आणि शेतकऱ्याला कापूस शासनाच्या केंद्रावरच घालावा लागे. दुसरं दार नव्हतंच. बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, रांग लागायची, माणसं रात्री बंडीखाली झोपायची. एका वर्षी कापसाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरनं वडिलांचा कापूस परत केला. त्यानं बंडीत कोपरापर्यंत हात घालून तळातला कापूस काढला, मुठीत दाबला, वडिलांच्या हातात दिला आणि म्हणाला, खालचा ओला आहे, वाळवून आणा. वडील चिडले होते. पण त्यांनी तो स्वतःच्या हातात धरून पाहिला होता. घरी आणून अंगणात पसरला, पुन्हा नेला आणि घातला. आता मीटर लावतात. भारतीय कापूस निगमच्या खरेदीत ओलावा 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यापुढं 12 पर्यंत कटती, 12 च्या वर कापूस घेत नाहीत. हा आकडा आमच्याकडे शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे. आकड्यावर भांडणं होतात, मीटरवरही होतात. पण भांडायला काहीतरी हातात असतं, आणि परत जाणाऱ्या माणसाला घरी जाऊन काय करायचं ते ठाऊक असतं.

खेळाला मीटर लावता येत नाही, हे मला मान्य आहे. रसिकतेचा आकडा निघत नाही. पण ग्रेडरनं केलं ते मीटरशिवायच केलं होतं. त्यानं तळाशी हात घातला आणि जे सापडलं ते दाखवलं. ‘फार संथ वाटला’, ‘आमचे ग्राहक चित्र पाहून घेतात, या चित्रांवर विकला जाणार नाही’, ‘भाषा कळली नाही’, ‘आवडला, पण विकण्याची हिंमत नाही’. यातलं एकेक वाक्य लिहायला किती वेळ लागतो? ज्यानं खेळ खेळून पाहिला त्याच्या मनात ते तयारच असतं. आणि खेळून पाहिलाच नसेल, तर तेही कळायला हवं.

कारण कळलं की काय होतं याचं एक उदाहरण मला भाच्यानंच सांगितलं. लुकास पोपचा ‘पेपर्स, प्लीज’ हा खेळ 2014 मध्ये आयपॅडवर येत होता. सरहद्दीवरच्या चौकीत बसून लोकांचे कागद तपासायचे, असा तो खेळ. त्यात झडतीच्या यंत्रातून माणसांची उघडी शरीरं दिसतात, आणि ती झडती अपमानास्पद वाटावी यासाठीच ती तशी आहेत. अ‍ॅपलनं ती अश्लील ठरवून काढायला लावली. निर्णय चुकीचाच होता, पण कारण सांगितलेलं होतं. त्यामुळं वाद त्या एका मुद्द्यावर झाला, गैरसमज झाल्याचं अ‍ॅपलनं मान्य केलं आणि काढलेली चित्रं परत टाकता आली. कारण चुकीचं असलं तरी त्याच्याशी झगडता येतं.

दुकानाची बाजू मी समजू शकते. अर्ज शेकडो, तपासणारी माणसं थोडी, जागा कमी. संगणकातल्या दुकानालाही पहिलं पान एकच असतं. खेळ न घेण्याचा त्यांचा हक्क मला पूर्ण मान्य आहे, नव्हे, तो हक्क त्यांनी वापरावा असंच मला वाटतं. दार सताड उघडं टाकणं हा यावरचा उपाय नाही. 2018 मध्ये स्टीमनं जाहीर केलं की बेकायदा आणि निव्वळ खोडसाळ सोडून आम्ही सगळं घेऊ. तिथं आता नकार क्वचित मिळतो, पण बहुतेक खेळांना मिळते ती सामसूम, आणि सामसुमीलाही कारण नसतं. निवडणारी माणसं हवीतच. भाच्याला तरी कुठं दुसरं काय हवं होतं?

मला सलतं ते हे की चुकीचा नकार दुरुस्त व्हायचा रस्ता सगळ्यांना सारखा नाही. बार्थमागे आधीचे खेळ होते, ते खेळलेली माणसं होती, त्याच्याविषयी लिहिणारे होते. त्याला कारण नाही मिळालं तरी चाललं, कारण त्याच्या वतीनं विचारणारे इतके होते की दुकानाला पुन्हा पाहावं लागलं. ज्याचा पहिलाच खेळ आहे, जो सेतू केंद्रात बसतो, ज्याच्या खेळाची भाषा दुकानातल्या कुणालाच येत नाही, त्याच्या वतीनं कोण विचारणार? त्याच्यापाशी पुढं जायला एकच गोष्ट असू शकते, ते म्हणजे ते एक वाक्य. ज्याला सगळ्यात जास्त गरज त्यालाच ते मिळत नाही. आणि नकार चुकीचा असेल तर त्याच्या बाबतीत तो चुकीचा होता हे कधीच उघड होत नाही. ‘ओपस मॅग्नम’ची चूक कळली म्हणून तिची गोष्ट झाली. न कळलेल्या किती असतील, हा विचार मनातून जात नाही.

शाळेत मी पेपर तपासते तेव्हा चुकीच्या उत्तरासमोर नुसती फुली मारत नाही. एकक चुकलं, चिन्ह चुकलं, प्रश्नच नीट वाचला नाही, दोन शब्द लिहिते. हे दोन शब्द मुलं गुणांपेक्षा जास्त वाचतात. ज्याच्यासमोर नुसती फुली असते तो मुलगा पुढच्या पेपरात सगळंच बदलून पाहतो, बरोबर आलेलं सुद्धा. भाच्याचं नेमकं तेच झालं. त्यानं बरोबर असलेलंच सगळ्यात आधी काढलं.

‘जागल’ आता परत प्ले स्टोअरवर आहे, माळ्यावर बाईही आहे, आणि काहीच न येणारी रात्रही जागेवर आहे. संगणकाची आवृत्ती त्यानं इच.आयओ या संकेतस्थळावर ठेवली, जिथं कुणी अडवत नाही आणि पैसे द्यायचे की नाही हे घेणाऱ्यावर सोडता येतं. मोजकी माणसं घेतात. एकानं लिहिलं की शेजाऱ्याचा खोकला ऐकून बरं वाटलं, आपण एकटे नाही असं. भाच्यानं ते काकांना वाचून दाखवलं. खोकला त्यांचाच आहे.

या हंगामातली कापसाची नोंदणी सरली की तो दुसऱ्या एका निवडक दुकानाकडे अर्ज करणार आहे. या वेळी सोबत जोडायला मी एक कागद तयार केलाय. तपासणाऱ्यानं फक्त टिक करायची, एक मिनिटाचं काम. खेळून पाहिला, नाही पाहिला. चित्रं. आवाज. गती. भाषा. लांबी. किंमत. आवडला पण विकला जाणार नाही. भाच्यानं त्यात स्वतःचा एक रकाना टाकायला लावला: ‘डुकरं खरी वाटली नाहीत.’ तो म्हणाला, “मावशी, बाकी काही म्हनले त चालते. पन हे म्हनले त मले पुन्हा वावरात जाऊन ऐकाव लागन.”